पुढच्या शहराचे तिकीट

विमानाचे तिकीट वारंवार शोधले की त्याचे भाडे वाढते, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. संकेतस्थळाला आपली निकड कळते आणि ते तिचा फायदा उठवते, असे लोक सांगतात. मी ही समजूत तपासून पाहिली आहे. मार्ग एकच, तारीख एकच. एक शोध घरच्या संगणकावर, दुसरा प्रयोगशाळेतल्या संगणकावर आधीच्या शोधांच्या खुणा पुसून, आणि तिसरा अशा एका सहकाऱ्याच्या फोनवर, ज्याने तो मार्ग कधी पाहिलेलाच नव्हता. तिन्हीकडे भाडे बरोबरीने चढले आणि बरोबरीने उतरले. संकेतस्थळाला आपल्याविषयी काहीही वाटत नसते, असा निष्कर्ष मी तेव्हा काढला. तो मी अजून मागे घेतलेला नाही.

तापमापक तपासणे हे माझे काम आहे. रुग्णालयांचे, शीतगृहांचे, औषधाच्या कारखान्यांचे तापमापक आमच्या प्रयोगशाळेत येतात. मी ते ठरावीक तापमानाच्या द्रवात बुडवतो, किती चुकतात ते पाहतो आणि त्या चुकीचा दाखला देतो. अचूक तापमापक असा नसतोच. चूक माहीत असलेला आणि माहीत नसलेला, असे दोनच प्रकार असतात. घरी मी एकटा असतो. त्याविषयी तक्रार नाही. एकट्या माणसाच्या घरात वस्तू ठेवल्या जागी सापडतात.

ताई माझ्याहून बरीच मोठी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली आणि मेहुणे गेल्यापासून दूरच्या एका शहरात एकटी राहणारी. आईवडील नाहीत, जुने मित्र पांगले. ताईला वगळले तर मला एकेरीत हाक मारणारे माणूस आता उरलेले नाही. लहानपणी कोणी उंची विचारली तरी मी ती दशांशापर्यंत सांगत असे, म्हणून तिने मला ‘दशांश’ हे नाव ठेवले आणि ते कधी बदलले नाही. रविवारी सकाळी तिचा फोन येतो आणि संभाषण दर वेळी एकाच प्रकारे सुरू होते.

“हं, बोल रे दशांशा.”

“ताई, फोन तू केलायस.”

“म्हणून काय झालं? बोल तू.”

त्या रविवारी मात्र तीच बोलली. “डॉक्टर म्हणतायत, हृदयाची एक झडप बदलावी लागेल. नळाचा वॉशर बदलतात ना, तसं.”

“तसं नसतं ते.”

“ठाऊक आहे मला. तू घाबरू नयेस म्हणून सांगतेय.” मग थोडे थांबून, “येशील?”

“येतो,” मी म्हणालो.

हे ‘येतो’ बिनचूक होते. एरवी या शब्दावरून आमच्या घरात जुना वाद आहे. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे, असा आईचा कटाक्ष होता. विज्ञान शिकायला लागल्यापासून मी तो मानला नाही. दाराबाहेर चाललेला माणूस जात असतो. दिशा हा मताचा विषय नव्हे. आई मला जिन्यातून परत बोलवायची आणि ‘येतो’ म्हणेपर्यंत सोडायची नाही. आईनंतर हे काम ताईने अंगावर घेतले.

मी शोध सुरू केला. आठवड्याचे मधले दिवस, तारखा मागेपुढे, आसपासचे विमानतळ धरून आणि सोडून. ताईच्या शहराचे भाडे काही केल्या खाली येईना. आमच्या प्रयोगशाळेचे स्टोअर सांभाळणारे गृहस्थ सगळ्यांना स्वस्त तिकिटे शोधून देतात, त्यामुळे त्यांना सगळे स्वस्तराव म्हणतात. त्यांनी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिले.

“अहो, थेट शोधताय म्हणून महाग दिसतंय. पुढच्या शहराचं टाका.”

“मला पुढे जायचंच नाहीये.”

“जा कोण म्हणतंय? विमान मधे थांबतं की नाही? तिथं उतरायचं आणि चालू पडायचं.”

ते विमान ताईच्या शहरात थोडा वेळ थांबून उत्तरेला आणखी एका शहराला जात असे. त्या शहराचे नाव मी तोवर ऐकलेले नव्हते. तिथपर्यंतचे भाडे निम्म्याहूनही कमी होते. यात गूढ काही नाही. भाडे अंतरावर ठरत नाही, मागणीवर ठरते. आणि त्या शेवटच्या शहराला जाण्याची फारशी कोणाला इच्छा नव्हती.

“दोन गोष्टी पाळा,” स्वस्तराव म्हणाले. “सामान काउंटरवर द्यायचं नाही. नाहीतर तुम्ही ताईंकडे आणि तुमच्या चड्ड्या उत्तरेला. आणि परतीचं सोबत काढायचं नाही. एक टप्पा चुकवलात की कंपनी पुढचं सगळं रद्द करते. मधे उतरलात की त्यांच्या दृष्टीनं तुम्ही संपलात.”

“संपलो म्हणजे?”

“म्हणजे नाहीच आहात! बोलायची पद्धत हो, साहेब. प्रत्येक शब्दाला काय तापमापक लावता?”

प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. मला खिडकीजवळची जागा मिळाली होती. ताईने पूर्वी विणून पाठवलेला राखाडी मफलर मी गळ्यातून काढून मांडीवर ठेवला होता. विमान मधल्या शहरात उतरले, इथले प्रवासी उठले आणि पुढे जाणारे बसून राहिले. मी पिशवी घेऊन दाराशी आलो तेव्हा हवाई सुंदरीने हातातल्या यादीकडे पाहिले.

“सर, आपलं तिकीट पुढचं आहे. आपण बसून राहिलात तरी चालेल.”

“मी इथेच उतरतोय. माझं सामान नाही.”

तिने मान डोलावली, मला बाजूला थांबायला सांगितले आणि डोकी मोजायच्या छोट्या यंत्राची कळ दाबत मागपर्यंत जाऊन आली. पुढे जाणाऱ्यांची मोजणी होती. पडद्याआड उभ्या असलेल्या सहकारिणीला ती म्हणाली, “बरोबर आहे. पूर्ण आहेत.”

पूर्ण असायला नको होते. मी दारात उभा होतो. बहुधा तिने मला आधीच वजा केले असावे, असे समजून मी शिडी उतरलो.

इमारतीकडे नेणाऱ्या बसमध्ये बसल्यावर मफलर आठवला. मी वळून विमानाकडे पाहिले. माझ्या खिडकीत कोणीतरी बसले होते. काचेवर उन्हाची तिरीप होती, चेहरा दिसत नव्हता. फक्त गळ्याभोवतीचा राखाडी पट्टा दिसला. रिकामी खिडकी दिसली की शेजारचा प्रवासी सरकतो, आणि गारठा असला की बेवारस मफलर गुंडाळतोही. बस निघाली.

ताईच्या घरात सारे पूर्वीसारखे होते. मेहुण्यांची आरामखुर्ची, भिंतीवर शाळेने निवृत्तीला दिलेले गोल घड्याळ, आणि समोरच्या दारात राहणारी निवृत्त परिचारिका, जिला सारा जिना ‘सिस्टर’ म्हणतो. ताई खूप वाळली होती. तिने माझ्या गळ्याकडे पाहिले.

“मफलर कुठाय?”

“विमानात राहिला.”

“वा! सगळं जग मोजतोस आणि मफलर विसरतोस.” ती हसली, पण तिला लागले असावे, कारण नंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आले की फोनवरचे हवामान चुकते आहे. पडद्यावर ताईच्या शहराचे नव्हे, उत्तरेकडच्या त्या शेवटच्या शहराचे तापमान दिसत होते, गोठणबिंदूच्या खाली. मी स्थान दुरुस्त केले. थोड्या वेळाने ते पुन्हा तिकडे गेले. आपण एखादे शहर शोधले की फोन ते धरून बसतो, हे सर्वश्रुत आहे. मी तो नाद सोडला.

ताईला आत नेले त्या दिवशी सिस्टर आणि मी रुग्णालयाच्या लांबट बोळात बसून होतो. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. एक जण हलला की सगळे हलत. वेळ घालवायला मी परतीचे तिकीट पाहावे म्हणून संकेतस्थळ उघडले. अलीकडच्या शोधांच्या चौकटीत एक ओळ होती: शेवटच्या शहराहून ताईच्या शहराला, फक्त जाण्याचे, प्रवासी एक.

मी हा शोध केलेला नव्हता.

“काय झालं?” सिस्टरने विचारले.

“काही नाही. कोणीतरी माझं खातं वापरतंय.”

“मग कुलूप बदला.”

मी पासवर्ड बदलला. तेवढ्यात शल्यविशारद बाहेर आले आणि झडप नीट बसल्याचे त्यांनी सांगितले. सिस्टरने डोळे पुसले. मी शल्यविशारदांना धन्यवाद दिले आणि झडप टिकण्याची अपेक्षित मुदत विचारली.

पासवर्ड बदलूनही शोध चालूच राहिले. मी ते वाचू लागलो आणि मला त्यात एक पद्धत दिसली. आठवड्याची टोके टाळलेली. तारखा मागेपुढे. आसपासचे विमानतळ आधी धरून, मग सोडून. सामान नाही. भाडे उतरल्यास कळवण्याची विनंती, आणि ते कळवणे अर्थातच माझ्याकडे येई: “आपण पाहत असलेल्या मार्गाचे भाडे थोडे उतरले आहे.” थोडेच. तेवढ्याने त्या माणसाचे भागत नसावे, कारण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शोधत असे.

चोराने माझ्या खात्यातून तिकीट काढले असते, तर मला समजले असते. हा कोणी काढत नव्हता. तो केवळ घरी येण्याचे भाडे पाहत होता, मी पाहिले असते अगदी तसे.

ताईला घरी आणले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की निदान दीड महिना कोणीतरी तिच्याजवळ राहायला हवे. माझी रजा संपत आली होती, आणि प्रयोगशाळेच्या मान्यतेची तपासणी तोंडावर होती. मी हे ताईला क्रमवार समजावून दिले.

“बरोबर आहे तुझं,” ती आरामखुर्चीतून म्हणाली. “तुझं नेहमी बरोबरच असतं.”

“सिस्टर आहेत समोर. आणि मी येईनच की परत.”

“स्वस्त मिळालं की, ना?”

मी हसलो. तीही हसली, पण छातीवर हात धरून, आणि मग खिडकीबाहेर पाहत राहिली. “घर मोठं नाहीये रे,” ती म्हणाली, “पण एकटीला पुरून उरतं.”

मी परतीचे तिकीट काढले. उत्तरेहून येणारे तेच विमान इथे थांबून माझ्या शहराला जात असे. त्याच दुपारी दुसरा एक निरोप आला: “आपले तिकीट निश्चित झाले आहे.” हे माझे तिकीट नव्हते. ते शेवटच्या शहराहून माझ्या शहरापर्यंतचे होते, त्याच तारखेचे, त्याच विमानाचे, मधे एक थांबा. पैसे माझ्याकडून गेलेले नव्हते. क्षणभर मला ते विचित्र वाटले, आणि मग उलगडले. मधल्या शहराचे भाडे उतरत नाही, हे पाहून त्याने पुढच्या शहराचे काढले होते.

मी कंपनीला फोन लावला.

“हो सर,” पलीकडची मुलगी म्हणाली. “आपल्या नावावर दोन तिकिटं दिसतायत. चुकून दोनदा काढलं का? होतं असं. त्यातलं एक मी रद्द करून देऊ शकते.”

“कोणतं?”

“आपण सांगाल ते, सर. दोन्ही आपलीच आहेत.”

मी फोन कानापासून दूर धरून पडद्याकडे पाहिले. तापमान दाखवणारा चौकोन पडद्याच्या कोपऱ्यात तसाच होता. तिकडे आणखी उतरले होते. त्या शहरात कोणालाही न ओळखणारा कोणी एक जण इतके दिवस, बहुधा एकट्याने, घरी येण्याचे भाडे उतरण्याची वाट पाहत बसला होता. त्याचे तिकीट रद्द करायला मला सबळ कारण सुचले नाही.

“राहू द्या दोन्ही,” मी म्हणालो.

निघताना ताई दारापर्यंत आली. एक हात चौकटीवर, दुसरा छातीवर.

“जातो,” मी म्हणालो.

“येतो म्हण.”

“ताई, मी जातोय. विमान आहे माझं.”

मी जिन्याची पहिली वळणे उतरेपर्यंत कान मागे ठेवून होतो. तिने मला परत बोलवायला हवे होते. सिस्टरच्या घरात पाण्याचा नळ चालू होता. वरून फक्त एवढेच ऐकू आले:

“बरं बाबा. जा.”

विमान वेळेवर आले. आम्ही चढणारे शिडीपाशी रांगेत थांबलो. उतरणारे आमच्या अंगावरून बसकडे गेले. मी चेहरे पाहत नव्हतो. मी पायऱ्यांची रुंदी पाहत होतो.

जागा खिडकीजवळची मिळाली होती.

मी बसलो आणि ती ऊबदार होती. माणूस उठल्यावर गादी किती वेळात थंड होते, हे मला कोणापेक्षाही चांगले सांगता येईल. नुकताच उठला होता.

हवाई सुंदरी कळ दाबत मागपर्यंत जाऊन आली. “पूर्ण,” ती म्हणाली.

मी बाहेर पाहिले. बस अजून उभी होती. मागच्या काचेशी एक माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या गळ्यात राखाडी मफलर होता. तो वळून विमानाकडे, माझ्या खिडकीकडे पाहत होता.

काचेवर उन्हाची तिरीप होती. त्याला माझा चेहरा दिसला नसणार.

बस निघाली.

घरी वस्तू ठेवल्या जागी होत्या. फोनवरचे हवामान सुधारले होते. ते आता माझ्याच शहराचे दिसत होते. भाड्याचे निरोप थांबले. मी स्वस्तरावांना सांगितले, की कंपनीने माझा पुढचा टप्पा रद्द केलेला नव्हता.

“म्हणजे तुम्ही गेलात की पुढे,” ते म्हणाले.

“मी मधेच उतरलो.”

“मग पुढे कोण गेलं?” ते हसायला लागले आणि माझ्याकडे पाहून थांबले. “साहेब, चहा घ्या.”

रविवारी ताईचा फोन आला नाही. विश्रांती घेत असेल, म्हणून मी केला नाही. पुढच्या रविवारीही आला नाही. मी सिस्टरला फोन लावला आणि नाव सांगून ताईची प्रकृती विचारली.

“अहो, मस्करी करता का?” ती म्हणाली. “तुमच्या पाठीमागे स्वयंपाकघरातल्या डब्यांचा आवाज येतोय म्हणून नीट कळत नाहीये मला. आत्ता तर जिन्यात भेटलात. आणि एक सांगू? रागावू नका. आधी मला वाटलं होतं, तुम्ही काही राहणार नाही. बरं झालं दारातनं परत आलात. बाईंचा चेहरा किती सुधारलाय.”

मी फोन ठेवला. माझ्या पाठीमागे कसलाही आवाज नव्हता.

सिस्टरचे वय झाले आहे. ऐकूही कमी येते. मी ही दोन कारणे लागोपाठ मनात मांडली आणि ताईच्या शहराचे तिकीट शोधायला बसलो. तारखा मागेपुढे केल्या. विमानतळ धरले, सोडले. त्या शहराचे भाडे पडद्यावर येत नव्हते. एक चाक फिरत राहायचे आणि मग पांढरा पडदा. अडचण संकेतस्थळाची असावी. खाली मात्र एक सूचना वारंवार येत होती: उत्तरेच्या त्या शेवटच्या शहराला, फक्त जाण्याचे, आजवरचे सर्वांत कमी भाडे.

मी ताईला फोन लावला.

घंटा वाजत राहिली. मग तिने उचलला. तिचे लक्ष खोलीत दुसरीकडे होते. आरामखुर्ची करकरली. कोणीतरी चपला घालत होते. दाराची कडी निघाली.

“येतो गं, ताई,” एक आवाज म्हणाला.

आपला आवाज बाहेरून ऐकला की तो ओळखू येत नाही, असे म्हणतात. मी ही समजूत तपासलेली नव्हती.

“ये रे दशांशा,” ताई म्हणाली. “सावकाश ये.” दार ओढून घेतल्याचा आवाज आला. जिन्यावरची पावले खाली गेली. तिचा श्वास शांत होता, झडप उत्तम चालत असावी. मग तिने फोन नीट कानाला लावला, आणि प्रेमळ, पण अनोळखी माणसांसाठी राखून ठेवलेल्या सुरात म्हणाली:

“हं, बोला.”